डॉ. आनंदीबाई जोशी : कल्याण ते फिलाडेल्फिया

नौपाड्याहून लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेले कल्याण हे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या माहेरचे गाव. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यास आजोळी झाला आणि बालपण कल्याणात गेले. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते.

पत्नीस शिकवायचेच, असा गोपाळरावांचा हट्ट होता. घरकामासाठी पत्नीस मारणारे पती त्या काळी पुष्कळ होते. अभ्यास टाळल्याबद्दल मारणारे मात्र बहुधा हेच. या हट्टाने आनंदीबाईंना विद्या दिली, तसे वेदनाही दिल्या. दोन्ही गोष्टी त्यांच्या पत्रांतून दिसतात. चरित्र सांगताना त्यांतील एकच सांगणे न्यायाचे होणार नाही.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो दगावला. पुरुष वैद्यासमोर दुखणे सांगण्यास संकोचणाऱ्या स्त्रिया उपचारावाचून राहतात, हे त्या भोवताली पाहत होत्या. आपण डॉक्टर व्हायचे, हा त्यांचा निश्चय या अनुभवांतून पक्का झाला.

पण मार्ग कोणता? मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला होता, आणि सुईणपणाचे वर्ग इतरत्रही होते. आनंदीबाईंना ते शिक्षण अपुरे वाटले. गोपाळरावांनी कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून साहाय्य मागितले, तेव्हा धर्मांतराची सूचना आली. ती त्यांना मान्य नव्हती. हा पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. या अनोळखी बाईंनी कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना आपल्या घराचे दार उघडे केले.

जाण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, आनंदीबाईंनी श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात जाहीर भाषण केले. देशात स्त्री डॉक्टरांची निकड का आहे आणि आपण एकट्याच का जात आहोत, याची उत्तरे त्यांनी निर्भयपणे दिली. प्रवासखर्चासाठी दागिने विकले गेले. ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून त्यांचे जहाज सुटले. पती सोबत नव्हते.

फिलाडेल्फियाचे पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले होते. तेथील अधिष्ठाता रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती दिली. अठराव्या वर्षी त्यांचा अभ्यास सुरू झाला. परकी भाषा, कडाक्याची थंडी, शाकाहाराचा नियम आणि ढासळती प्रकृती यांच्याशी झुंजत त्यांनी तो तीन वर्षांत पुरा केला. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. परंतु क्षयाने ग्रासलेल्या अवस्थेतच त्या १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिनाच उरला होता. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्यांचे स्मारक आहे.

एकाही रुग्णाची नियमित सेवा त्यांना लाभली नाही. तरीही वाट मोडली नाही. १८९४ मध्ये रखमाबाई लंडनहून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली.

आज बारावीनंतर नीट परीक्षा, साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता, असा मार्ग आखलेला आहे. तो सोपा नाही. पण तो आपल्याच राज्यात आहे आणि मुलींनाही खुला आहे. आनंदीबाईंजवळ बुद्धी व निश्चय होता. उणीव होती ती पोषक आहाराची, उबदार निवाऱ्याची आणि वेळेवर मिळणाऱ्या उपचारांची. म्हणून पालकांनी व समाजाने विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेइतकीच त्याच्या ताटाची, झोपेची आणि प्रकृतीची चौकशी करावी. या अल्पायुषी चरित्राला तीच खरी आदरांजली ठरेल.