नांगराच्या विक्रीपासून कॉलेजपर्यंत : कर्मवीर भाऊराव पाटील



जून महिना लागला की तुमच्या घरात दोन खर्च एकदमच दारात उभे राहतात. एक बी-बियाणे आणि खताचा, दुसरा मुलांच्या प्रवेशाचा. पहूर पेठ असो की पहूर कसबे, कपाशी आणि मका पेरायची वेळ आणि जामनेर किंवा जळगावच्या कॉलेजात फी भरायची वेळ एकच असते. पुढे दिवाळीच्या सुमारास कपाशी फुटते, वेचणीला मजूर मिळत नाहीत आणि नेमकी त्याच दिवसांत पहिल्या सत्राची परीक्षा येते. मग मुलगा वर्गात बसेल की शेतात, हा प्रश्न घरोघरी पडतो. ज्यांच्याकडे जमीन नाही, ज्यांचे घर मजुरीवर किंवा सालदारकीवर चालते, त्यांच्याकडे तर हा प्रश्न वर्षभर असतो.

शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हाच प्रश्न हातात घेतला आणि आयुष्यभर सोडला नाही. त्यांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे. पण ते शिक्षणसंस्था काढण्याआधी गावोगाव नांगर विकत होते, हे अनेकांना माहीत नसते. आपल्या वाचकांसाठी ती बाजू महत्त्वाची आहे, म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र इथे थोडक्यात देत आहोत.

बालपण आणि अर्धवट राहिलेले शिक्षण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर भागातील कुंभोज या गावी, एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. त्यांची बदली होईल तसे घर फिरत राहिले.

पुढच्या शिक्षणासाठी भाऊरावांना कोल्हापूरला पाठवण्यात आले. तिथे ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. त्या काळी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे सुरू केली होती. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहातील कार्यक्रमाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. पुढे शाहू महाराजांचा आधार मिळाला, पण परीक्षेत यश आले नाही. भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत.

इथे थोडे थांबून विचार करा. ज्या माणसाने पुढे हजारो मुलांना कॉलेजपर्यंत नेले, त्याचे स्वतःचे शिक्षण शाळेतच थांबले होते. घरी तरुण मुलगा रिकामा बसला की काय बोलणी ऐकावी लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. भाऊरावांनाही ती ऐकावी लागली.

शिकवण्या आणि नांगर

पोटासाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या सुरू केल्या. त्याच सुमारास, म्हणजे १९१० च्या आसपास, दुधगाव येथे काही मित्रांबरोबर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक आश्रम उभा केला. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत. खर्चासाठी गावातल्या घरांतून रोज मूठभर धान्य बाजूला काढले जाई. मोठी देणगी देणारा कोणी नव्हता, पण मूठभर धान्य देऊ शकणारी घरे पुष्कळ होती. भाऊरावांचे पुढचे सगळे काम या एका हिशेबावर उभे आहे.

त्यानंतर ते किर्लोस्करांच्या कारखान्यात नांगर विक्रीच्या कामाला लागले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला होता, पण तो शेतकऱ्याच्या गळी उतरवणे सोपे नव्हते. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. लाकडी नांगर माती फक्त चिरत जातो. लोखंडी नांगर माती उलथवतो, त्यामुळे हरळी आणि कुंद्यासारख्या तणांची मुळे वर येऊन उन्हाने वाळतात. हे तोंडाने सांगून कोणाला पटले नसते. ते शेतात चालवून दाखवावे लागले.

कृषी सहायक आणि कृषिमित्रांनी या टप्प्याकडे जरूर लक्ष द्यावे. आज आपण ज्याला प्रात्यक्षिक म्हणतो, तेच काम भाऊराव करत होते. गावोगाव फिरायचे, शेतकऱ्याच्या बांधावर जायचे, त्याचेच बैल जुंपून नांगर चालवून दाखवायचा. या फिरतीत त्यांना दुसरेही काही दिसले. नांगर घेण्याची ऐपत असलेल्या गावातही शाळा नव्हती. जिथे शाळा होती, तिथे काही मुलांना वर्गाबाहेर बसवले जाई. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळता अंगठा उठवणारे शेतकरी जागोजागी भेटत होते. जमीन सुधारायचे अवजार विकता विकता, ती जमीन हातात टिकवायला अक्षरओळख लागते, हे त्यांच्या ध्यानात आले.

पुढे साताऱ्याजवळ कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांनी भाग घेतला, पण मतभेद झाल्यावर ते तिथून बाहेर पडले. यानंतर त्यांनी नोकरी-धंद्याचा विचार बाजूला ठेवला.

रयत शिक्षण संस्था आणि साताऱ्याचे वसतिगृह

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. नावातच रयत, म्हणजे कष्टकरी शेतकरी प्रजा आहे. १९२४ मध्ये संस्थेचे काम साताऱ्याला आले आणि तिथे वसतिगृह सुरू झाले. सगळ्या जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहून एकाच पंगतीत जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली आणि त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

वसतिगृह चालवणे म्हणजे रोजचे जेवण चालवणे. मुले वाढत गेली आणि पैसा तेवढाच राहिला. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरातल्या होत्या. त्यांनी हळूहळू ते बाजूला ठेवले आणि सगळ्या मुलांना स्वतःच्या हाताने जेवू घातले. भाऊराव देणगीसाठी बाहेरगावी असत, तेव्हा घरात धान्य आहे की नाही हे लक्ष्मीबाईंनाच पाहावे लागे. एक एक करून त्यांचे दागिने गेले आणि शेवटी मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या इतिहासात भाऊरावांइतकाच त्यांचा वाटा आहे.

कमवा आणि शिका : हे नेमके कसे चालत असे?

देणग्यांवर सगळे चालणार नाही, हे भाऊरावांनी ओळखले होते. गरीब घरच्या मुलाकडे पैसा नसतो, पण त्याचे हात असतात आणि शेतीची कामे त्याला येतात. म्हणून त्यांनी मुलाच्या श्रमालाच फी मानले.

- मुले स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामे आळीपाळीने स्वतः करत. त्यामुळे नोकरांचा खर्च वाचे.
- संस्थेला मिळालेली जमीन बहुतेक वेळा खडकाळ माळ असे. मुलांनी ती साफ केली, लागवडीखाली आणली आणि त्यातले धान्य व भाजीपाला वसतिगृहात आला.
- इमारतींसाठी दगड-माती वाहण्याचे कामही मुलांनी केले.
- ज्या पालकांना शक्य होते, ते पैशाऐवजी धान्य देत.

या पद्धतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडेही मुले काम करून शिकतात. कोणी कपाशी वेचायला किलोच्या भावाने जातो, कोणी केळीचे घड वाहतो, कोणी दुकानात हिशेब लिहितो. पण या कामाची वेळ मालक ठरवतो, मुलगा ठरवत नाही. हंगाम जोरात असला की वर्ग बुडतात, वर्ग बुडले की विषय राहतात, आणि विषय राहिले की पुढच्या वर्षी पुन्हा फी. म्हणजे मजुरीतून आलेले पैसे तिथेच संपतात. भाऊरावांच्या व्यवस्थेत काम आणि शाळा एकाच आवारात, एकाच माणसाच्या देखरेखीखाली होती. दिवसातले काही तास काम आणि उरलेला वेळ अभ्यास. कामाने शिक्षण गिळू नये, याची काळजी व्यवस्थेतच होती.

दुसरी गोष्ट म्हणजे काम सगळ्यांनाच होते. जे काम गरिबालाच करावे लागते, त्याची लाज वाटते. सगळेच कुदळ घेऊन उतरले की ती लाज राहत नाही.

शाळा, कॉलेज आणि अडलेले अनुदान

१९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षक तयार करणारे विद्यालय सुरू झाले. तिथून तयार झालेले तरुण, शाळा नसलेल्या गावांत शिकवायला गेले आणि संस्थेने शेकडो छोट्या शाळा उघडल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. तिथे मुले श्रम करून मोफत शिकू शकत होती.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. तोपर्यंत खेड्यातल्या मुलाला कॉलेज म्हणजे पुणे, कोल्हापूर किंवा मुंबई. फीपेक्षा तिथे राहण्या-जेवण्याचाच खर्च मोठा. हे कॉलेज शेतकऱ्यांच्या मुलांच्या जवळ आले, आणि कमवा-शिका योजनेमुळे खिशात पैसे नसतानाही पदवी घेता येऊ लागली. संस्थेच्याच वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील इंग्लंडहून शिकून आले ते पुन्हा संस्थेच्या कामासाठीच. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

सगळे सुरळीत मात्र नव्हते. १९४८ मध्ये संस्थेचे सरकारी अनुदान थांबले. शेकडो शिक्षक आणि हजारो मुले असलेला गाडा अचानक अडला. भाऊराव पुन्हा लोकांकडे गेले. धान्य, पैसा, जे मिळेल ते घेतले. संत गाडगे महाराजांनी सरकारकडे शब्द टाकला आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला सुरू झालेल्या कॉलेजला गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने सन्मानाची डी. लिट. पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला मिळालेली ती विद्यापीठाची सर्वोच्च पदवी होती. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, आणि आज रयत शिक्षण संस्था राज्यातील सर्वात मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे.

तुमच्या घरासाठी यातून काय घ्यावे?

चरित्र वाचून बरे वाटते, पण जूनचा खर्च तसाच राहतो. म्हणून पुढील गोष्टी आताच पाहून ठेवा.

१. कॉलेजातच काम मागा. कमवा व शिका योजना आज विद्यापीठांमध्ये आणि त्यांच्याशी जोडलेल्या कॉलेजांमध्ये चालते. आपल्या भागासाठी जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. प्रवेश घेतानाच कॉलेजातील विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना विचारा. ग्रंथालय, कार्यालय, बाग अशा ठिकाणी वर्गाच्या वेळेबाहेर काम मिळते. मोबदला फार नसतो, पण वर्ग बुडत नाही.

२. महाडीबीटी फक्त ठिबक आणि ट्रॅक्टरसाठी नाही. त्याच पोर्टलवर विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचे अर्ज भरता येतात. निर्वाह भत्त्यासाठी अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांचा विचार होतो. अटी, अभ्यासक्रम आणि मुदत दरवर्षी तपासून घ्या.

३. दाखले मे महिन्यातच काढा. उत्पन्नाचा दाखला, अल्पभूधारक प्रमाणपत्र, सातबारा आणि आठ-अ, आधार जोडलेले बँक खाते ही कागदपत्रे पेरणीच्या धांदलीत राहून जातात आणि अर्जाची मुदत निघून जाते.

४. वेचणी आणि परीक्षा यांचा मेळ आधी घाला. परीक्षेचे वेळापत्रक हाती आले की त्या आठवड्यातील मजुरांची सोय अगोदर करा. शेजारच्या दोन-तीन घरांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात वेचणी केली तर मुलांना घरी ठेवावे लागत नाही. हा नियम मुलींनाही तितकाच लागू आहे. वर्ग बुडवायची वेळ बहुतेक वेळा त्यांच्यावरच आधी येते.

५. गावाने मूठभर बाजूला काढावे. दुधगावात मूठभर धान्यावर वसतिगृह चालले. गटशेती, बचत गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर हंगामाच्या शेवटी थोडी रक्कम शिक्षणासाठी ठेवता येते. एका मुलाचा बसचा पास आणि खानावळीचा खर्च निघाला, तरी त्याचे वर्ष वाचते.

कृषी सहायकांना एक विनंती. खरीपपूर्व बैठकीत बियाणे आणि बीजप्रक्रियेबरोबर पाच मिनिटे या योजनांसाठीही द्या. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन आधी नांगर चालवून दाखवणाऱ्या माणसानेच पुढे त्याच्या मुलांसाठी कॉलेज काढले. बांधावरची ही दोन्ही कामे वेगळी नाहीत.