चार्ल्स बेल
सर चार्ल्स बेल (नोव्हेंबर १७७४ – २८ एप्रिल १८४२) हे स्कॉटिश शल्यचिकित्सक, शरीररचनाशास्त्रज्ञ व चित्रकार होते. चेतासंस्थेवरील संशोधनासाठी आणि मानवी हातावरील ग्रंथासाठी ते ओळखले जातात. चेहऱ्याच्या एका बाजूच्या पक्षाघाताला त्यांच्या नावावरून 'बेल्स पाल्सी' म्हणतात.

== जीवन ==
बेल यांचा जन्म एडिनबर्ग येथे झाला. थोरले बंधू जॉन बेल यांच्याकडे त्यांनी शरीररचनेचे शिक्षण घेतले. १८०४ मध्ये ते लंडनला गेले. १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईनंतर त्यांनी ब्रुसेल्स येथे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या व त्यांच्या जखमांची चित्रे काढली. १८३१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १८३६ मध्ये ते एडिनबर्ग विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

== चेतांवरील संशोधन ==
हातातील मीडियन व अल्नर या चेतांमध्ये स्पर्शज्ञान वाहून नेणारे संवेदी तंतू आणि स्नायूंना आज्ञा देणारे प्रेरक तंतू एकत्र असतात. त्यामुळे मनगटाजवळ अल्नर चेता तुटल्यास करंगळी बधिर होते, तसेच बोटे फाकवण्याची शक्तीही जाते. मेरुरज्जूजवळ मात्र हे तंतू वेगळे होतात : प्रेरक तंतू पुढच्या मुळातून बाहेर पडतात, तर संवेदी तंतू मागच्या मुळातून आत जातात.

१८११ मध्ये बेल यांनी खाजगीरीत्या छापलेल्या पुस्तिकेत, पुढच्या मुळाला डिवचल्यास स्नायू आकुंचन पावतात, मागच्या मुळाला डिवचल्यास तसे होत नाही, असे नोंदवले. मागचे मूळ संवेदनेचे आहे, हे मात्र त्यांनी त्यात स्पष्ट केले नव्हते. ते १८२२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रान्स्वा माझांदी यांनी प्रयोगांनी दाखवले. बेल यांनी शोधाच्या अग्रहक्काचा दावा केला. १८२४ मध्ये जुने निबंध पुन्हा छापताना त्यांनी मजकुरात बदल केल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. हा सिद्धांत आज 'बेल-माझांदी नियम' या संयुक्त नावाने ओळखला जातो.

== हातावरील ग्रंथ ==
ब्रिजवॉटर ग्रंथमालेतील 'द हँड' हा बेल यांचा ग्रंथ १८३३ मध्ये प्रसिद्ध झाला. सृष्टीच्या रचनेत ईश्वरी योजना दिसते, हे दाखवणे हा त्या मालेचा हेतू होता. बेल यांनी त्यात मानवी हाताची प्राण्यांच्या पुढच्या पायांशी व पंखांशी तुलना केली आहे. स्नायूंची स्थिती मेंदूला कळत असते, म्हणूनच हात अचूक हालचाल करू शकतो, हा त्यांचा विचार पुढील संशोधनाला उपयोगी ठरला.