२८२ गुणांचा विद्यार्थी

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढली तर अडतीसच्याही आत. आजच्या कोणत्याही गुणवत्ता यादीने या मुलाकडे ढुंकूनही पाहिले नसते. त्या गुणांच्या मागे काय होते, हे गुणपत्रिका सांगत नव्हती. साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले. संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले म्हणून फारसी घ्यावी लागली. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राही. घरची निजानीज झाल्यावर मध्यरात्री उठून हा मुलगा अभ्यासाला बसे.

पुढचा इतिहास सर्वपरिचित आहे. केळुस्कर गुरुजींनी त्याला हेरले, सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली. १९१२ मध्ये बी. ए., १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ, १९२३ मध्ये लंडनची डी. एस्‌सी. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध परीक्षकांनी आधी परत पाठवला होता. बाबासाहेबांनी सवलत मागितली नाही, तो पुन्हा लिहून दिला. कसोटीला ते कधी भ्याले नाहीत, म्हणूनच कसोटीवरच्या त्यांच्या आक्षेपाला वजन आहे.

तो आक्षेप त्यांनी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडला. मार्चमध्ये अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारचाच हिशेब सरकारपुढे ठेवला. शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च होत होते आणि अबकारी करातून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल होत होते. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचत होती अवघी अठरा. त्याच वर्षी विद्यापीठाच्या विधेयकावर ते बोलले. परीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दर्जा वाढवण्याच्या नावाखाली परीक्षा इतक्या कठीण केल्या जात आहेत की मागासलेल्या वर्गांना दारातच अडवले जाते, असा त्यांचा मुद्दा होता.

आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासल्यामुळे मला हा मुद्दा लगेच पटतो. ताळेबंदाची एकच बाजू वाचून कोणाची पत ठरत नाही. मुलाने किती दिले हे विचारण्याआधी त्याच्या खात्यात आपण काय जमा केले, हे पाहावेच लागते.

बाबासाहेब नुसते बोलून थांबले नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि १९५० मध्ये निजामी राजवटीतून नुकत्याच मुक्त झालेल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, तिचे महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव या महाविद्यालयाला मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. खेड्यातून आलेल्या मुलासाठी तिथे वसतिगृहे उभी राहिली, १९५५ मध्ये हायस्कूलही निघाले. पदवीची पातळी खाली आणण्याऐवजी तिथवर चढायला पायऱ्या बांधायच्या, हीच त्यामागची दृष्टी होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, पायऱ्या राहिल्या.

आज ते शहर छत्रपती संभाजीनगर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये देशभर तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची राष्ट्रीय पाहणी झाली. २०१९ च्या कायदादुरुस्तीने पाचवी-आठवीत मुलांना नापास करण्याची मुभा राज्यांना दिली आहे. महापालिकेच्या शाळेतले मजुराचे मूल आणि शिकवणी लावलेले सुखवस्तू घरातले मूल एकाच पट्टीने मोजले जाते. पट्टी नको, असे म्हणता येणार नाही. ती नसेल तर गरिबाच्या मुलाला किती कमी मिळाले, हे झाकलेलेच राहील. पण मोजणी झाल्यावर जाब कोणाला विचारायचा, हा खरा प्रश्न आहे. मुलाला नापास करणे स्वस्त पडते. शाळेला पुरेसे शिक्षक, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा देणे महाग पडते. जे राज्य पहिले करते आणि दुसरे टाळते, त्याची पट्टी एकसारखी असेल, न्याय्य नसेल.

२८२ गुणांच्या त्या विद्यार्थ्याला गुरुजी भेटले, शिष्यवृत्ती मिळाली. आपल्या शहराच्या शाळांत आज तसा कोणी बसला असेल, तर त्याच्या वाट्याला निकालाच्या कागदाखेरीज काय येणार आहे, हे नागसेनवनाच्या शेजारी राहणाऱ्या आपणच ठरवायचे आहे.