पठ्ठे बापूराव मोठे की पवळा?

बँड फुटला की फॅन लोकांचे दोन गट पडतात. पण आपल्याकडं हा वाद ढोलकीवर कधीच रंगला होता.

पवळाचा जन्म 1870 चा, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसामधल्या महार कुटुंबातला. तेव्हा ढोलकीच्या फडात बाईचं काम नाच्या पोऱ्या करायचा. तिथं पवळा स्वतः उभी राहिली.

तिकडं रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी ब्राह्मणपण बाजूला ठेवून तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. शब्द त्यांचे, अदा तिची. या जोडीनं मुंबई गाजवली, मिठाराणीचा वग गाजवला. पुढं मात्र दोघांचं फाटलं.

मग वाद सुरू. त्यांची लावणी नसती तर ती नाचली कशावर असती? आणि ती नसती तर ती लावणी बघायला एवढी गर्दी जमली असती का?

पवळा 1939 मध्ये गेली. हलाखीत दिवस काढून बापूराव 1945 मध्ये गेले. त्यांच्या लावण्या छापल्या गेल्या, म्हणून नाव घराघरात उरलं. पवळाची अदा कागदावर उतरणारी नव्हती, ती तिच्यासोबतच गेली.

म्हणजे निकाल लावायला पुरावा एकाच बाजूचा उरलाय. तेवढ्यावरून पवळाला दुसरा नंबर देणं काय बरोबर नाय.