लायटरची ठिणगी आणि पिएर क्युरी

सौंसर-पांढुर्ण्यात घरोघरी लायटर खटकन वाजतो नि गॅस पेटतो. त्या ठिणगीचे मूळ आम्हाला पिएर क्युरींच्या चरित्रात सापडले. पॅरिसला १८५९ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी शाळेत गेलाच नाही; डॉक्टर वडिलांनी घरीच शिकवले. १८८० साली पिएर व थोरले बंधू जाक यांनी स्फटिक दाबून वीज मिळवली. गारगोटी, चिंचेत असते त्या टार्टारिक आम्लाचे रोशेल लवण, अगदी साखरसुद्धा! (खडीसाखरेने गॅस मात्र पेटायचा नाही.) १९०६ साली, भर पावसात, घोडागाडीखाली सापडून ते गेले, वय अवघे ४६. रोशेल लवणातील विजेची दिशा बाहेरून वीज देऊन उलटवता येते, ते फेरोइलेक्ट्रिक आहे, हे पुढे १९२० साली अमेरिकेत जोसेफ व्हालासेक यांना आढळले. लायटरमधला सिरॅमिकचा खडा त्याच जातीचा.