कागदावरचं बुद्धिबळ : ॲलन ट्यूरिंग यांची ओळख



आपल्यापैकी पुष्कळांना बुद्धिबळ येतं. हल्ली तर मोबाईलसुद्धा आपल्याशी बुद्धिबळ खेळतो आणि बहुतेक वेळा हरवतो! पण यंत्राला हा खेळ शिकवावा, असं अगदी सुरुवातीला ज्यांनी मनावर घेतलं, त्यांपैकी एक होते ॲलन ट्यूरिंग. त्यांची ही थोडक्यात माहिती.

ॲलन यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील तेव्हाच्या मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी होते, आणि आईचे वडील मद्रासच्या रेल्वेत मुख्य इंजिनिअर होते. नोकरीसाठी आईवडील आपल्या देशात, आणि ॲलन व थोरला भाऊ जॉन मात्र इंग्लंडमध्ये परक्या घरी. आईवडिलांची भेट क्वचितच व्हायची.

१९२६ साली ॲलनचं नाव शेरबोर्न गावच्या शाळेत घातलं. तो बोटीतून उतरला, तर देशभर संप! आगगाड्या बंद. वय तेरा वर्षांचं. पण गडी काही घाबरला नाही. सायकल काढली, वाटेत एक रात्र मुक्काम केला आणि सुमारे ९७ किलोमीटर अंतर तोडून शाळेत हजर झाला.

शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम नावाचा जिवलग मित्र मिळाला. दोघं मिळून गणितं सोडवीत, आकाशातल्या ताऱ्यांविषयी बोलत. पण फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयरोगाने वारला. ॲलनला फार दुःख झालं. मित्राचं राहिलेलं काम आपण करायचं, असं त्यानं ठरवलं आणि तो जोमानं अभ्यासाला लागला.

पुढे केंब्रिज विद्यापीठात ट्यूरिंग गणित शिकले. १९३६ साली त्यांनी एका निबंधात एक काल्पनिक यंत्र मांडलं. लांबच लांब पट्टी, तिच्यावर चौकोन. यंत्र एका वेळी एकच चौकोन वाचणार आणि ठरलेल्या नियमाप्रमाणे खूण लिहिणार किंवा पुसणार. बस्स, एवढंच! पण आजच्या सगळ्या संगणकांच्या मुळाशी हीच कल्पना आहे.

१९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं. जर्मन सैन्य एनिग्मा नावाच्या यंत्रातून गुप्त भाषेत निरोप पाठवी. ब्लेचली पार्क येथे ट्यूरिंग व त्यांच्या सोबत्यांनी ती भाषा उलगडण्यासाठी यंत्रं तयार केली. पोलंडच्या गणितज्ञांनी आधी केलेल्या कामाचा त्यांना मोठा उपयोग झाला. यामुळे असंख्य माणसांचे प्राण वाचले. पण काम गुप्त होतं, म्हणून पुष्कळ वर्षं कुणाला त्याचा पत्ताच नव्हता.

आता बुद्धिबळाची गंमत ऐका बरं का! १९४८ च्या सुमारास ट्यूरिंग व त्यांचे केंब्रिजचे मित्र डेव्हिड चॅम्परनाउन यांनी यंत्रासाठी खेळाचे नियम तयार केले. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, उंटाला साडेतीन, हत्तीला ५ आणि वजिराला १०. चाल केल्यावर समोरचा काय करील, मग आपल्याकडे किती गुण उरतील, याचा हिशेब करायचा आणि ज्यात फायदा जास्त ती चाल खेळायची.

नियम तर झाले, पण ते चालवील असा संगणक कुठे होता? मग ट्यूरिंग स्वतःच यंत्र झाले! १९५२ साली ॲलिक ग्लेनी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी डाव मांडला. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायचा. एकेका चालीला अर्धा अर्धा तास. स्वतःला दुसरी चाल बरी वाटली तरी ती खेळायची नाही, नियम सांगेल तीच खेळायची. २९ चालींत डाव संपला आणि ट्यूरिंग यांचं कागदी यंत्र हरलं. पण नुसत्या नियमांवर अख्खा डाव खेळता येतो, हे सर्वांना दिसलं.

त्याच वर्षी त्यांच्यावर मोठं संकट आलं. पुरुषाचं पुरुषावर प्रेम असणं हा तेव्हा तिथल्या कायद्याने गुन्हा होता. ट्यूरिंग यांच्यावर खटला झाला, शिक्षा झाली, गुप्त कामही काढून घेतलं. ज्यांनी देश वाचवायला मदत केली, त्यांनाच देशाने अपमान दिला. ७ जून १९५४ रोजी विषामुळे त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ४१ वर्षं.

पुढे मात्र त्यांचं बी रुजलं. १९६२ पर्यंत अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत ॲलन कोटोक व इतर विद्यार्थ्यांनी खऱ्या संगणकाला बुद्धिबळ शिकवलं. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने जगज्जेते कास्पारॉव्ह यांना सामन्यात हरवलं. २०१२ साली त्याच कास्पारॉव्ह यांनी ट्यूरिंग यांच्या जुन्या नियमांशी मुद्दाम एक डाव खेळून त्यांचा मान केला.

ब्रिटनच्या पंतप्रधानांनी २००९ साली झाल्या अन्यायाबद्दल माफी मागितली. २०१३ साली राणीने माफीपत्र दिलं. २०२१ साली, त्यांच्याच वाढदिवशी, ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं. पण हे पाहायला ट्यूरिंग नव्हते.

मित्रांनो, साधन नाही म्हणून ट्यूरिंग अडून बसले नाहीत. कागद आणि पेन्सिल त्यांना पुरली. ती तर आपल्या दप्तरातही आहे! आणि दुसरी गोष्ट मोठ्यांसाठीही. आपल्यात कुणी थोडं वेगळं असलं तर त्याला हिणवू नये. माणूस गेल्यावर मागितलेली माफी त्याच्यापर्यंत पोचत नाही.