विदुषी संत एडिथ स्टाइन

आपल्या धर्मग्रामाच्या या मंगल महोत्सवी शुक्रवार पेठेतील बंधुभगिनींपुढे एका थोर विदुषीचे चरित्र ठेवण्याची आम्हांस इच्छा आहे. मुलीस पुष्कळ शिकवून पुढे काय, हा प्रश्न अजूनही कित्येक घरांत निघतो. त्याचे उत्तर या चरित्रात सापडेल.

एडिथबाईंचा जन्म ता. १२ ऑक्टोबर १८९१ रोजी तत्कालीन जर्मनीतील ब्रेस्लाव शहरी, एका यहुदी कुटुंबात झाला. अकरा भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. दोन वर्षांच्या होण्यापूर्वीच पितृछत्र हरपले; मातेने लाकडाची वखार चालवून संसार सावरला. माता धर्मनिष्ठ, परंतु कन्येने कुमारवयातच प्रार्थना सोडली. सत्याचा ध्यास मात्र सुटला नाही. १९१३ साली त्या गॉटिंगेन येथे तत्त्ववेत्ते हुसर्ल यांच्या शिष्या झाल्या. १९१५ साली महायुद्धातील साथीच्या रुग्णांची त्यांनी शुश्रूषा केली. १९१६ साली, दुसऱ्याचे अंतःकरण आपणांस कसे उमगते या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी फ्रायबुर्ग येथे सर्वोच्च श्रेणीत डॉक्टर ही पदवी मिळविली व गुरूंची हस्तलिखिते लावून देण्याचे काम पत्करिले.

एवढी योग्यता असूनही १९१९ साली गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांस अध्यापनाच्या अधिकारासाठी परीक्षेसही बसू दिले नाही. कारण त्या स्त्री होत्या. त्यांनी सरकारकडे दाद मागितली. ता. २१ फेब्रुवारी १९२० रोजी प्रशियाच्या मंत्र्यांनी आज्ञा काढिली की, स्त्रीत्व हा या अधिकाराच्या आड येऊ नये. स्वतः बाईंस अध्यापकपद लाभले नाही. पण मागून येणाऱ्या भगिनींसाठी दार उघडले. त्याच दशकात, १९२६ साली, आपल्या इरावतीबाई कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या व पुढे बर्लिनला विद्याभ्यासासाठी गेल्या, हे येथे आठवते.

१९१७ साली राइनाख नामक स्नेही रणांगणी पडले. त्यांच्या विधवेचे क्रुसावरील विश्वासातून आलेले धैर्य पाहून एडिथबाईंचे मन हालले. १९२१ साली अव्हिलाच्या संत तेरेसाचे आत्मचरित्र वाचनात आले आणि ता. १ जानेवारी १९२२ रोजी त्यांनी स्नानसंस्कार घेतला. पुढे स्पायर येथील धर्मभगिनींच्या शाळेत त्यांनी मुलींस शिकविले व संत थॉमस अक्वायनस यांचा सत्यविषयक ग्रंथ जर्मन भाषेत आणिला. १९३३ साली यहुदी वंशामुळे म्युन्स्टर येथील नोकरी गेली. त्याच वर्षी त्या कोलोनच्या कार्मेल मठात प्रविष्ट झाल्या. तेथे लिहिलेला त्यांचा मोठा ग्रंथ वंशविषयक कायद्यांपायी त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तरी लेखणी थांबली नाही.

१९३८ च्या अखेरीस त्या हॉलंडमधील एश्ट मठात गेल्या. तेथे क्रुसभक्त संत योहान यांच्यावर त्या अखेरचा ग्रंथ लिहीत होत्या. या संतांच्या शिकवणीत आशेचा संबंध स्मृतीशी आहे : जे मिळाले, जे हुकले, त्याचा साठा मनातून रिता केल्यावाचून आशेस जागा होत नाही. डच धर्माध्यक्षांनी यहुद्यांच्या छळाचा जाहीर निषेध करताच, ता. २ ऑगस्ट १९४२ रोजी शिपाई मठाच्या दारी आले. बहीण रोझा हिच्यासह त्यांस नेण्यात आले, ता. ९ रोजी आउश्वित्झ येथे त्यांचा वध झाला. १९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांस संतपद दिले.

महोत्सव म्हणजे स्मरणाचा सण. गतकाळाचे गुणगान करिताना, आपणांस न मिळालेले फळ पुढल्या पिढीच्या हाती पडावे म्हणून आजच दाद मागावी, आजच झाड लावावे. यासच आशा म्हणतात. ती संत एडिथ यांच्या मध्यस्थीने आपल्या घराघरांतील कन्यांस लाभो, हीच आमची प्रार्थना.